वायमार ते नाझी जर्मनी : लोकशाही कशी कोसळली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीतील लोकशाहीच्या अंताविषयी येणारे प्रश्न बहुतेक वेळा सारखेच असतात. काही स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांचे असतात, काही शाळेत इतिहास शिकवणाऱ्यांचे, आणि बरेचसे घरात किंवा कार्यालयात वाद घालून मग खात्री करून घेऊ पाहणाऱ्यांचे. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात पुन्हा लिहिण्याऐवजी तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वायमार प्रजासत्ताक म्हणजे काय? ते हिटलरच्या आधीचे की नंतरचे?

आधीचे. पहिल्या महायुद्धातील पराभवाच्या वेळी, ९ नोव्हेंबर १९१८ रोजी, कैसरची (जर्मन सम्राटाची) राजवट संपून जर्मनीत प्रजासत्ताकाची घोषणा झाली. बर्लिनमध्ये दंगली चालू असल्याने घटना समितीचे अधिवेशन वायमार या लहान शहरात भरले, म्हणून हे नाव. ऑगस्ट १९१९ मध्ये लागू झालेली ही राज्यघटना त्या काळच्या मानाने फारच पुढारलेली होती: स्त्रियांना मताधिकार, प्रमाणशीर प्रतिनिधित्व, नागरिकांच्या हक्कांची सविस्तर यादी, असे सगळे तिच्यात होते. हिटलरने ही घटना कधी औपचारिकरीत्या रद्द केलीच नाही. ती १९४५ पर्यंत कागदावर तशीच राहिली.

२. हिटलर लोकांनी निवडून दिला होता, की त्याने सत्ता बळकावली?

दोन्ही म्हणणी अपुरी आहेत. नाझी पक्षाला खुल्या निवडणुकीत कधीही बहुमत मिळाले नाही. १९२८ मध्ये त्याला २.६ टक्के मते आणि १२ जागा मिळाल्या होत्या. सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ टक्के आणि १०७ जागा. जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के आणि २३० जागा. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत हिटलर तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग याच्याकडून हरला. (तोपर्यंत तो जर्मन नागरिकही नव्हता. उमेदवारीपुरती सोय म्हणून फेब्रुवारी १९३२ मध्ये ब्राउनश्वाइग राज्याच्या सरकारने त्याला नावापुरती सरकारी नोकरी दिली आणि त्या नेमणुकीबरोबर नागरिकत्व आपोआप मिळाले.) नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत तर पक्षाची मते ३३.१ टक्क्यांवर घसरली, ३४ जागा गेल्या, आणि पक्षाच्या तिजोरीत खडखडाट झाला.

या घसरणीनंतर तीन महिन्यांच्या आत, ३० जानेवारी १९३३ रोजी, राष्ट्राध्यक्षांनी त्याला चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, नेमले. म्हणजे मतदारांनी त्याला सत्तेच्या दारापर्यंत आणले हे खरे, पण दार आतून उघडले गेले. ते कोणी आणि का उघडले हे प्रश्न ५ मध्ये पाहा. मार्च १९३३ ची निवडणूक हिटलर सत्तेवर असताना, विरोधी पक्षांच्या सभा आणि वृत्तपत्रे बंद पाडून घेतली गेली. तीतही नाझींना ४३.९ टक्केच मते पडली.

३. व्हर्सायचा तह आणि १९२३ ची महागाई यांमुळे हे झाले असे शाळेत शिकलो. ते चुकीचे आहे का?

चुकीचे नाही, पण तारखा जुळत नाहीत. महागाईने कळस गाठला तेव्हा, नोव्हेंबर १९२३ मध्ये, एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते, आणि आयुष्यभराची पुंजी बँकेत ठेवलेल्या मध्यमवर्गाची रयाच गेली. त्याच महिन्यात हिटलरने म्युनिकमध्ये उठाव केला आणि तो एका दिवसात फसला. नंतर चलन स्थिरावले, आणि पाच वर्षांनी, १९२८ मध्ये, नाझी पक्ष अडीच टक्क्यांच्या आसपासच होता. महागाईने प्रजासत्ताकावरचा विश्वास आतून पोखरला. पण मते नाझींकडे वळली ती १९२९ नंतरच्या मंदीत, जेव्हा बेकारांची संख्या वाढत वाढत १९३२ च्या सुरुवातीला ६० लाखांवर गेली.

तहाबद्दलही तसेच. नुकसानभरपाईचा १३,२०० कोटी सुवर्ण मार्कांचा आकडा लोकांना खुपत होता, पण त्याहून जास्त विषारी ठरली ती ‘सैन्य हरलेच नव्हते, घरभेद्यांनी पाठीत सुरा खुपसला’ ही कहाणी. ती पसरवण्यात खुद्द हिंडेनबर्ग पुढे होता, आणि १९२५ मध्ये तोच प्रजासत्ताकाचा राष्ट्राध्यक्ष झाला.

४. कलम ४८ काय होते? एमपीएससीच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख येतो.

सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात आल्यास राष्ट्राध्यक्षाला वटहुकूम काढण्याचा आणि काही मूलभूत हक्क तात्पुरते स्थगित करण्याचा अधिकार वायमार घटनेतील या कलमाने दिला होता. संसदेला, म्हणजे राइशस्टागला, तो वटहुकूम रद्द करायला लावता येत असे. पण कलम २५ नुसार राष्ट्राध्यक्षाला राइशस्टागच बरखास्त करता येत असे, आणि ही दोन कलमे एकत्र वापरली की संसदेच्या हाती काही उरत नसे.

मार्च १९३० मध्ये बेकारी विम्याच्या हप्त्यावरून शेवटचे बहुमतातील सरकार पडले. नंतर चॅन्सेलर झालेल्या ब्रूनिंगने अंदाजपत्रक वटहुकमाने लागू केले. संसदेने तो फेटाळताच संसद बरखास्त झाली आणि वटहुकूम पुन्हा निघाला. १९३२ मध्ये राइशस्टाग जेमतेम १३ दिवस भरली आणि तिने ५ कायदे केले, तर वटहुकूम निघाले साठच्या आसपास. हिटलर येण्याच्या आधीच लोकांना संसदेवाचून चालणाऱ्या राज्याची सवय लागली होती, आणि या सबंध प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट.

१२ सप्टेंबर १९३२ चा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. चॅन्सेलर पापेन संसद बरखास्तीचा सहीचा कागद घेऊन सभागृहात आला. अध्यक्षाच्या आसनावर नाझी नेता गोअरिंग होता. पापेन बोलायला उठला तर गोअरिंगने मान दुसरीकडे वळवली आणि अविश्वास ठरावावर मतदान सुरू केले. अखेर पापेनने तो कागद अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला आणि तो मंत्र्यांसह निघून गेला. ठराव ५१२ विरुद्ध ४२ मतांनी संमत झाला, पण कागदावर सही असल्यामुळे संसद बरखास्तच राहिली.

५. हिंडेनबर्गला हिटलर आवडत नव्हता म्हणतात. मग त्याने त्यालाच का नेमले?

ऑगस्ट १९३२ मध्ये हिंडेनबर्गने हिटलरला चॅन्सेलरपद तोंडावर नाकारले होते. त्यानंतर पापेन पडला, जनरल श्लायशर चॅन्सेलर झाला, आणि दुखावलेल्या पापेनने ४ जानेवारी १९३३ रोजी कोलोन येथे एका बँकरच्या घरी हिटलरची गुप्तपणे भेट घेतली. त्यातून जी योजना निघाली ती अशी: हिटलर चॅन्सेलर, पापेन उपचॅन्सेलर, आणि मंत्रिमंडळात नाझी फक्त तीन – हिटलर, फ्रिक आणि गोअरिंग. बाकी सगळे जुने सनातनी, जहागीरदार आणि तज्ज्ञ. हिटलरच्या सभांना गर्दी जमते, ती गर्दी आपण वापरायची आणि कारभार आपण करायचा, असा हिशेब होता.

हिशेब करणाऱ्यांनी खाती मोजली, पण कोणते खाते कोणाकडे जाते ते पाहिले नाही. फ्रिककडे देशाचे गृहखाते होते, आणि गोअरिंगकडे प्रशियाचे, म्हणजे जर्मनीच्या सुमारे तीन पंचमांश भागाचे पोलीस. प्रशियाचे लोकनियुक्त सरकार पापेननेच २० जुलै १९३२ रोजी वटहुकमाने बरखास्त केले होते. रिकामी करून ठेवलेली खुर्ची गोअरिंगला आयती मिळाली.

३० जानेवारीला सकाळी शपथविधीसाठी सगळे जमले असताना हुगेनबर्ग हा सनातनी पक्षाचा नेता नव्या निवडणुका घेण्याच्या हिटलरच्या मागणीला विरोध करत अडून बसला होता. आत राष्ट्राध्यक्ष ताटकळत आहेत, असा निरोप आला. ८५ वर्षांच्या वृद्धाला थांबवून ठेवणे बरे दिसणार नाही म्हणून वाद अर्धवट सोडून सगळे आत गेले. पाच महिन्यांत हुगेनबर्ग मंत्रिमंडळाबाहेर होता आणि त्याचा पक्ष विसर्जित झालेला होता.

६. राइशस्टागला आग नाझींनीच लावली ना?

२७ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री जळत्या इमारतीत मारिनुस फान देर लुबे हा २४ वर्षांचा डच तरुण सापडला. त्याने हे एकट्याने केले असे बहुतेक इतिहासकार मानतात, काही मानत नाहीत, आणि हा वाद आजही चालू आहे. पण वादात अडकून पडल्यास महत्त्वाची गोष्ट निसटते. आग कोणीही लावलेली असो, दुसऱ्याच दिवशी कलम ४८ खाली निघालेल्या वटहुकमाने भाषण, मुद्रण, सभा आणि संघटना यांचे स्वातंत्र्य, पत्रांची गोपनीयता आणि अटकेविरुद्धचे संरक्षण हे सगळे ‘पुढील सूचनेपर्यंत’ स्थगित केले. ती पुढील सूचना कधीच निघाली नाही. बारा वर्षे नाझी राज्य या एका ‘तात्पुरत्या’ कागदाच्या आधारावर लोकांना खटल्याविना डांबत राहिले.

७. संसदेने स्वतःच्या हाताने आपले अधिकार सोडून दिले, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि मतांचा तपशील पाहिल्यास अधिकच बोचते. सरकारला संसदेशिवाय, घटनेच्या विरोधातही कायदे करू देणारा ‘सक्षमीकरण कायदा’ २३ मार्च १९३३ रोजी मांडला गेला. दोन तृतीयांश सदस्यांची उपस्थिती आणि उपस्थितांपैकी दोन तृतीयांश मते लागणार होती. नाझी आणि हुगेनबर्गचा पक्ष मिळून ६४७ पैकी ३४० जागा होत्या. कम्युनिस्टांचे ८१ सदस्य तुरुंगात, भूमिगत किंवा परदेशात होते. विरोधकांनी गैरहजर राहून गणसंख्या मोडू नये म्हणून, विनापरवानगी गैरहजर असणारा सदस्य हजर धरावा, असा नियम ऐन वेळी करून घेतला गेला.

संसद जळाल्यामुळे बैठक क्रोल ऑपेरा या नाट्यगृहात होती. बाहेर घोषणा देणारा जमाव, आत भिंतींना टेकून उभे असलेले तपकिरी गणवेशातील एसए या नाझींच्या निमलष्करी संघटनेचे लोक, आणि समाजवादी लोकशाही पक्षाचे (सोशल डेमोक्रॅट) १२० पैकी जेमतेम ९४ सदस्य हजर. त्यांचा नेता ओटो वेल्स याने विरोधाचे भाषण केले; आमचे स्वातंत्र्य आणि जीव तुम्ही घेऊ शकता, पण आमची अब्रू नाही, असे तो म्हणाला. सर्वच्या सर्व ९४ जणांनी विरोधात मत दिले.

बाजूने ४४४ मते पडली. सगळे ६४७ सदस्य सभागृहात असते तरी दोन तृतीयांश म्हणजे ४३२ झाले असते. म्हणजे तुरुंगातले सगळे सुटून आले असते तरी ठराव पास झाला असता. तो पास झाला तो मधल्या पक्षांच्या मतांनी, मुख्यतः कॅथलिकांच्या झेंट्रुम पक्षामुळे. या पक्षाचा नेता कास याने चर्चच्या आणि न्यायालयांच्या हक्कांची लेखी हमी मागितली होती. पत्र टाइप होत आहे, पाठवले आहे, येतेच आहे, असे त्याला सांगितले गेले. मतदानापर्यंत पत्र आले नाही. ५ जुलैला झेंट्रुम पक्ष विसर्जित झाला आणि १४ जुलैला नाझींखेरीज इतर सर्व पक्षांवर कायद्याने बंदी आली.

८. न्यायालये काय करत होती?

बहुतेक न्यायाधीश कैसरच्या काळातले होते आणि प्रजासत्ताकाबद्दल त्यांना ममत्व नव्हते. १९२३ च्या उठावात चार पोलीस मारले गेले, तरी हिटलरला पाच वर्षांची सौम्य शिक्षा झाली आणि तो डिसेंबर १९२४ मध्ये सुटला. देशद्रोहात दोषी ठरलेल्या परकीयाला हद्दपार करण्याची कायद्यात तरतूद होती. स्वतःला इतका जर्मन समजणाऱ्या माणसाला ती लावता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले.

एक अपवाद सांगायला हवा. आगीच्या खटल्यात लाइपझिगच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९३३ मध्ये चार कम्युनिस्ट आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडले, पण फान देर लुबेला मात्र आगीनंतर केलेल्या, पूर्वलक्षी प्रभावाच्या कायद्याने मृत्युदंड दिला. एवढाही स्वतंत्र बाणा हिटलरला खपला नाही, आणि एप्रिल १९३४ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यांसाठी वेगळे ‘लोकन्यायालय’ स्थापन झाले. जून १९३४ अखेरीस एसएचा प्रमुख रोएम, माजी चॅन्सेलर श्लायशर आणि इतर अनेकांना खटल्याविना ठार मारण्यात आले, तेव्हा ३ जुलैला एका वाक्याचा कायदा करून ते सारे कायदेशीर ठरवले गेले.

९. छळ केव्हा सुरू झाला? सुरुवातीपासून ज्यूच लक्ष्य होते का?

पहिल्या आठवड्यांत धरपकड झाली ती मुख्यतः कम्युनिस्टांची, समाजवाद्यांची आणि कामगार पुढाऱ्यांची. म्युनिकजवळची दाखाउ छळछावणी २२ मार्च १९३३ रोजी, म्हणजे प्रश्न ७ मधील मतदानाच्या आदल्या दिवशी, उघडली. ज्यूंविरुद्धचे पहिले सरकारी पाऊल लगेच पाठोपाठ आले: १ एप्रिलला दुकानांवर बहिष्कार, ७ एप्रिलला ‘अनार्य’ कर्मचाऱ्यांना सरकारी नोकरीतून काढणारा कायदा. पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना हिंडेनबर्गच्या आग्रहाने सूट मिळाली. पुष्कळांना वाटले की आता यापुढे काही होणार नाही. हिंडेनबर्ग ऑगस्ट १९३४ मध्ये वारला, आणि पुढच्याच वर्षी ती सूटही गेली.

त्यानंतरचा क्रम बारीकसारीक आदेशांचा आहे. सप्टेंबर १९३५ च्या न्यूरेम्बर्ग कायद्यांनी नागरिकत्वाचे हक्क काढले आणि मिश्र विवाहांवर बंदी घातली. १९३८ मध्ये पासपोर्टवर लाल ‘जे’ आला, आणि नावापुढे ‘इस्राएल’ किंवा ‘सारा’ जोडण्याची सक्ती झाली. नोव्हेंबर १९३८ मध्ये सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळे) जाळले गेले आणि वर १०० कोटी मार्कांचा दंड ज्यूंवरच बसवला. डिसेंबरमध्ये वाहन परवाने रद्द झाले, १९३९ मध्ये रेडिओ जप्त झाले, १९४१ मध्ये कपड्यांवर पिवळी चांदणी आली, १९४२ मध्ये घरात कुत्रा-मांजर पाळण्यासही मनाई झाली. तोवर हत्याकांड सुरू झालेले होते. त्यात सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले. रोमा, अपंग आणि मनोरुग्ण, समलैंगिक, यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे लोक हेही वेगवेगळ्या टप्प्यांवर या यंत्रणेत सापडले. सक्तीच्या नसबंदीचा कायदा तर जुलै १९३३ मध्येच झाला होता.

१०. कोण ज्यू आहे हे सरकारने ठरवले तरी कसे?

१९३३ मध्ये एक आजा किंवा आजी ज्यू असली की माणूस ‘अनार्य’ ठरत असे. १९३५ मध्ये ही मर्यादा तीन आजी-आजोबांवर नेली. आता आजोबा ज्यू होते हे कशावरून? वंशशास्त्राचा इतका गाजावाजा करणाऱ्यांकडे वंश मोजण्याचे कोणतेही साधन नव्हते, म्हणून आजोबा कोणत्या धर्मसमुदायात नोंदलेले होते हेच पाहिले गेले. त्यासाठी लाखो सामान्य जर्मन लोक गावोगावच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्यांतील उतारे मागत फिरले. दाखला देणाऱ्या कारकुनाने कोणावर हात उचलला नव्हता. त्याने विचारलेला उतारा शुल्क घेऊन दिला, एवढेच.

११. सामान्य लोकांना हे माहीत नव्हते का? आणि नकार दिला असता तर गोळीच घातली असती ना?

दाखाउ उघडत असल्याची बातमी वर्तमानपत्रांत छापून आली होती. दुकानांवरचा बहिष्कार भर रस्त्यात झाला, सिनेगॉग शहरांच्या मध्यभागी जळले. हत्याछावण्यांचा तपशील बहुतेकांना ठाऊक नव्हता, पण शेजारचे कुटुंब बोचकी घेऊन नेले गेले आणि त्याच्या सामानाचा लिलाव झाला हे ठाऊक होते.

नकाराची शिक्षा सरसकट मृत्यू नव्हती. ब्रान्डेनबुर्गचा न्यायाधीश लोथार क्रायसिग याने आपल्या देखरेखीखालील मनोरुग्णांना ठार मारले जात असल्याचे लक्षात येताच १९४० मध्ये लेखी हरकत घेतली. त्याला सक्तीने निवृत्त केले गेले, आणि तो युद्धानंतरही पुष्कळ वर्षे जगला. ऑगस्ट १९४१ मध्ये बिशप गालेन याने चर्चमधून या हत्यांविरुद्ध उघड प्रवचन दिले आणि त्याच महिन्यात ती मोहीम अधिकृतपणे थांबवावी लागली, जरी गुपचूप ती पुढे चालूच राहिली. मात्र पत्रके वाटणाऱ्या विद्यार्थ्यांना १९४३ मध्ये शिरच्छेदाची शिक्षा झाली. पद, वलय आणि वेळ यांवर परिणाम अवलंबून होता.

१२. डाव्या पक्षांनी एकी केली असती तर हिटलर थांबला असता का?

नोव्हेंबर १९३२ मध्ये समाजवाद्यांच्या १२१ आणि कम्युनिस्टांच्या १०० मिळून २२१ जागा होत्या, नाझींच्या १९६. बेरीज मोहात पाडणारी आहे. पण मॉस्कोच्या धोरणानुसार कम्युनिस्ट समाजवाद्यांना ‘सामाजिक फॅसिस्ट’ म्हणत होते, आणि समाजवाद्यांना १९१९ चा कम्युनिस्टांचा रक्तरंजित उठाव आठवत होता आणि कम्युनिस्टांवर काडीचा विश्वास नव्हता. शिवाय ५८४ च्या सभागृहात २२१ म्हणजे बहुमत नव्हे. त्यामुळे सगळा दोष डाव्यांच्या भांडणावर टाकणे मला पटत नाही. चावी ज्यांच्या हातात होती ते प्रश्न ५ मधले लोक होते.

१३. अशा संकटातून वाचलेला एखादा देश आहे का?

फिनलंड. तिथे १९३० च्या सुमारास लापुआ ही उजवी चळवळ विरोधकांना पळवून नेऊन मारहाण करत होती, आणि तिच्याच दबावाखाली कम्युनिस्टांविरुद्ध कडक कायदे झाले. १९३१ मध्ये तिच्या पाठिंब्याने स्विनहुफ्वुड राष्ट्राध्यक्ष झाला. १९३२ च्या सुरुवातीस लापुआच्या लोकांनी मेंत्सेले येथे सशस्त्र उठाव केला, तेव्हा हाच सनातनी राष्ट्राध्यक्ष रेडिओवरून बोलला, उठावकऱ्यांना घरी जायला सांगितले, आणि कम्युनिस्टांसाठी केलेला कायदा वापरून लापुआवरच बंदी घातली. मंदी तिथेही होती, आणि १९१८ च्या यादवीच्या जखमाही ताज्या होत्या.

१४. भारताच्या घटनेचा वायमारशी खरोखर काही संबंध आहे का, की ते गाइडमधले एक वाक्य आहे?

आणीबाणीत मूलभूत हक्क स्थगित करण्याची कल्पना वायमारवरून आली, असे गाइडांत असते आणि ते ढोबळमानाने बरोबर आहे. संविधान सभेत ऑगस्ट १९४९ मध्ये ह. वि. कामत यांनी वायमारचेच उदाहरण देऊन या तरतुदींवर टीका केली होती. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनीही इशारा दिला की धर्मातली भक्ती मोक्षाकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. जून १९७५ ते मार्च १९७७ या आणीबाणीत सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ अशा निकालाने बेकायदा अटकेविरुद्धचा दरवाजाही बंद केला, एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात होते. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत, असे ठरवले. वायमारशी साम्य आहे ते हक्क स्थगित करण्याच्या या एका तरतुदीपुरते. आपल्याकडची आणीबाणी निवडणुकीने संपली, हा फरक लहान नाही.

१५. एखाद्या नेत्याला ‘हिटलर’ म्हणणे कितपत योग्य?

मराठीत आपण कडक हेडमास्तरांनाही हिटलर म्हणतो, त्यामुळे शब्दाची धार बोथट झाली आहे. तुलना करायचीच तर माणसांच्या स्वभावाची करू नये. वटहुकूम किती निघतात, संसद किती दिवस भरते, पोलीस कोणाच्या हातात आहेत, खटल्याविना किती जण आत आहेत, हे विचारावे.

१६. ज्यांचे नागरिकत्व काढून घेतले त्यांना ते परत मिळाले का? युद्धानंतर कायदे बदलले का?

पश्चिम जर्मनीच्या १९४९ च्या मूलभूत कायद्यात राष्ट्राध्यक्षाचे वटहुकमाचे अधिकार काढले गेले. चॅन्सेलरला हटवायचे असेल तर त्याच ठरावात नवा चॅन्सेलर निवडावा लागतो, म्हणजे फक्त पाडण्यासाठी एकत्र येता येत नाही. १९८२ मध्ये हेल्मुट श्मिट यांच्या जागी हेल्मुट कोल आले ते या मार्गाने, आणि केंद्रात तो आजवर एकदाच यशस्वी झाला आहे.

नागरिकत्वाबद्दल त्याच कायद्याचे कलम ११६ आहे. १९३३ ते १९४५ या काळात राजकीय, वांशिक किंवा धार्मिक कारणाने ज्यांचे नागरिकत्व गेले, त्यांना आणि त्यांच्या वंशजांना ते अर्ज केल्यास परत मिळते. अर्जासोबत आजी-आजोबांचे जन्मदाखले, विवाहाच्या नोंदी, जुने पासपोर्ट जोडावे लागतात. लाल ‘जे’चा शिक्का असलेला पासपोर्ट घरात जपून ठेवलेला असेल तर आज तो पुरावा म्हणून चालतो.